ई-मेलचा लखोटा

मराठीतील 'लखोटा' हा शब्द लाखेवरून आला असून, पत्राची घडी लाखेने बंद करून तिच्यावर शिक्का उठवण्याच्या जुन्या पद्धतीची आठवण त्या शब्दाने जपली आहे. या पद्धतीचा एक विशेष सहसा लक्षात येत नाही. पत्र बंद करण्याची कृती सर्वस्वी पाठवणाऱ्याच्या हातातली होती. ज्याला पत्र जायचे त्याने आधी कसलीही तयारी करून ठेवावी लागत नसे, लाख मोडलेली नाही ना एवढेच त्याने पाहायचे असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांच्या जाळ्यावरून पत्रे जाऊ लागली तेव्हा ही साधी सोय मागे राहिली. ती परत मिळवण्याच्या प्रयत्नांना आता सुमारे अर्धशतक होत आले आहे आणि या प्रयत्नांचा इतिहास गणिताइतकाच कायद्याचा, राजकारणाचा आणि माणसांच्या सवयींचा इतिहास आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या अर्पानेट या जाळ्यावर रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र पाठवले आणि पत्त्यातील व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव वेगळे करण्यासाठी '@' हे चिन्ह निवडले. त्या काळी हे जाळे मोजक्या विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे होते व वापरणारी माणसे बहुतांशी एकमेकांच्या ओळखीची होती. पुढे १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी एसएमटीपी या नावाने ओळखली जाणारी ई-मेलच्या वाहतुकीची नियमावली लिहिली, तेव्हाही तिच्यात मजकूर झाकण्याची तरतूद नव्हती. या नियमावलीनुसार पत्र एका सर्व्हरवरून, म्हणजे टपाल स्वीकारून पुढे देणाऱ्या संगणकावरून, दुसऱ्या सर्व्हरकडे साध्या अक्षरांत जाते आणि वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी त्याची प्रत राहू शकते. ई-मेलची तुलना पाकिटाशी न करता पोस्टकार्डाशी करण्याची जी रीत पुढे रूढ झाली, ती म्हणून अगदी नेमकी आहे. या रचनेत कोणाचा कट नव्हता. ओळखीच्या लोकांच्या वाड्यात खोल्यांना कड्या नसाव्यात तसे ते होते, आणि पुढे त्या वाड्याचे महानगर झाले तरी दारे तशीच राहिली.

मजकूर अनोळखी डोळ्यांना निरर्थक वाटेल अशा रूपात बदलण्याच्या क्रियेला कूटलेखन किंवा एन्क्रिप्शन म्हणतात आणि ज्या गुप्त संख्येच्या आधारे हा बदल होतो व उलटवता येतो तिला किल्ली म्हणतात. ही विद्या प्राचीन आहे. परंतु १९७० च्या दशकापर्यंतच्या ज्ञात पद्धतींत एक अडचण समान होती. मजकूर बंद करणारी आणि उघडणारी किल्ली एकच असल्यामुळे पत्रव्यवहार सुरू होण्याआधीच ती दोघांच्या हाती सुरक्षितपणे पोहोचावी लागे. राजदूतावास आणि सैन्यदले यासाठी विश्वासू माणसे धाडत. सामान्य नागरिकाला ते शक्य नव्हते, आणि ज्याला कधी पाहिलेलेही नाही अशा माणसाला लिहायचे असेल तर अडचण आणखी वाढे. अमेरिकी शासनाने १९७७ मध्ये डीईएस नावाची प्रमाण कूटपद्धती प्रसिद्ध केली, ती बँकांपर्यंत पोहोचली, तरी किल्ली पोहोचवायची कशी हा प्रश्न तिनेही सोडवला नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याआधीच, १९७६ च्या नोव्हेंबरात, मिळाले होते. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी स्टॅनफर्डहून प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे मांडले की किल्ली एकच असण्याची गरज नाही; परस्परांशी गणिताने जोडलेल्या दोन किल्ल्या असाव्यात, त्यांपैकी एक जगजाहीर करावी आणि दुसरी कोणालाही देऊ नये. राल्फ मर्कल हा तरुण संशोधकही स्वतंत्रपणे याच दिशेने निघालेला होता. जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर केवळ खाजगी किल्लीने उघडतो आणि जाहीर किल्ली हाती असली तरी तिच्यावरून खाजगी किल्ली काढता येत नाही, ही त्या कल्पनेची कळ होय. येथे 'सार्वजनिक किल्ली' हा रूढ झालेला शब्द थोडा दिशाभूल करतो, कारण जी वस्तू सर्वांना वाटली जाते ती किल्ली नसून खरे तर कुलूप आहे: एखाद्याने आपली उघडी कुलपे गावभर वाटून ठेवावीत, ज्याला पत्र पाठवायचे असेल त्याने पेटीला ते कुलूप दाबून लावावे आणि किल्ली मात्र मालकाच्याच कमरेला असावी, असा हा व्यवहार आहे. हे चित्र मनात धरले म्हणजे त्याचा दुसरा अर्थही उमगतो. पत्र बंद करण्यासाठी घेणाऱ्याने आपले कुलूप आधी घडवून वाटलेले असणे आता आवश्यक ठरले, आणि लाखेच्या लखोट्यात जी कृती एकट्या पाठवणाऱ्याची होती ती दोघांची झाली. पुढच्या इतिहासातील बहुतेक यशापयशांचे मूळ या एका अटीत सापडते.

डिफी आणि हेलमन यांनी कल्पना मांडली होती. तिला साजेशी यंत्रणा मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथील रॉन रिव्हेस्ट, आदि शमीर आणि लेनर्ड अ‍ॅडलमन यांनी १९७७ मध्ये शोधली व तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाऊ लागली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे असते, पण केवळ गुणाकार पाहून त्या दोन संख्या शोधणे अतिशय कठीण असते, या शाळकरी वाटणाऱ्या तथ्यावर ती उभी आहे. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या ऑगस्ट १९७७ च्या अंकातील आपल्या सदरात या पद्धतीची ओळख करून दिली आणि शोधकांच्या वतीने १२९ अंकी संख्येने बंद केलेला एक संदेश वाचकांपुढे ठेवून तो उलगडणाऱ्यास १०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या संख्येचे अवयव पाडायला तेव्हाच्या अंदाजाने कोट्यवधी वर्षे लागणार होती. प्रत्यक्षात १९९४ च्या एप्रिलमध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांचा फावला वेळ देऊन, आणि त्या कामाचे वाटप ई-मेलवरूनच करून, ते अवयव शोधले. या घटनेने आरएसए मोडली असे मात्र झाले नाही. किल्ली किती लांब असावी याचा धडा तेवढा मिळाला.

या शोधाची एक उपकथा येथे नोंदवली पाहिजे. ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या गुप्तसंदेश विभागातील जेम्स एलिस यांनी १९७० मध्येच ही कल्पना टिपणात मांडली होती, क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये आरएसएसारखीच आणि माल्कम विल्यमसन यांनी १९७४ मध्ये डिफी-हेलमन यांच्यासारखी पद्धत शोधली होती. सरकारने हे सारे १९९७ च्या डिसेंबरपर्यंत दडवून ठेवले. जाहीर घोषणेच्या अवघे काही आठवडे आधी एलिस यांचा मृत्यू झाला. जे ज्ञान एका सरकारी कपाटात पाव शतक निरुपयोगी पडून राहिले तेच विद्यापीठात जन्मल्यामुळे जगाचे झाले, आणि ते जगाचे होऊ नये अशी काही शासनांची इच्छा का होती हेही त्यातून दिसते.

ई-मेलसाठी या ज्ञानाचा पहिला अधिकृत उपयोग पीईएम या नावाच्या प्रमाण योजनेत झाला. तिचे मसुदे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि १९९३ मध्ये तिला अंतिम रूप मिळाले. एखादे कुलूप अमुक माणसाचेच आहे याची खात्री कोणी द्यायची, या प्रश्नाला पीईएमने दिलेले उत्तर सरकारी कचेरीसारखे होते: सर्वोच्च स्थानी एक मूळ संस्था, तिच्या खाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि त्यांच्या खाली वापरकर्ते. अशी सर्वमान्य मूळ संस्था प्रत्यक्षात उभीच राहिली नाही आणि योजना कागदावर राहिली.

कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे राहणाऱ्या फिल झिमरमन यांची वाट निराळी होती. ते संगणकतज्ज्ञ तर होतेच, पण अण्वस्त्रविरोधी शांतता चळवळीतील कार्यकर्तेही होते, आणि कार्यकर्त्यांची पत्रे शासनाच्या नजरेपासून सुरक्षित राहावीत ही त्यांची प्रेरणा होती. १९९१ च्या जानेवारीत जोसेफ बायडन यांनी अमेरिकी सेनेटमध्ये मांडलेल्या एका विधेयकात, दळणवळणाची सेवा आणि साधने पुरवणाऱ्यांनी कायद्याने अधिकार दिल्यास सरकारला मूळ मजकूर मिळेल अशी व्यवस्था ठेवावी, असे एक कलम होते. पुढे ते कलम गळाले. परंतु असा कायदा होण्याआधीच साधन लोकांच्या हाती गेले पाहिजे या निश्चयाने झिमरमन यांनी आपले अर्धवट काम झपाट्याने पूर्ण केले. त्या काळात त्यांच्या घराच्या कर्जाचे पाच हप्ते थकले. जून १९९१ मध्ये त्यांनी 'प्रिटी गुड प्रायव्हसी' (पीजीपी), म्हणजे 'बऱ्यापैकी गोपनीयता', हा प्रोग्रॅम विनामूल्य दिला. नाव अमेरिकी रेडिओवरील गॅरिसन केइलर यांच्या लोकप्रिय कार्यक्रमातील एका काल्पनिक वाणसामानाच्या दुकानावरून घेतलेले होते.

पहिल्या आवृत्तीतील झिमरमन यांनी स्वतः रचलेली कूटपद्धती कच्ची होती आणि त्याच वर्षी एका तज्ज्ञाने तिच्यातील दोष त्यांना दाखवून दिले. त्यांनी ते मान्य केले आणि सप्टेंबर १९९२ मधील दुसऱ्या आवृत्तीत झुरिचमध्ये तयार झालेली आयडिया ही १२८ बिटच्या, म्हणजे शून्य किंवा एक अशा १२८ अंकांच्या, किल्लीची पद्धती घेतली. स्वतःच्या निर्मितीपेक्षा इतरांच्या परीक्षेला उतरलेले साधन पसंत करण्याचा हा प्रामाणिकपणा पीजीपीच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण आहे. तिची कार्यपद्धती अशी की प्रत्येक पत्रासाठी एक नवी तात्पुरती किल्ली तयार होते, मजकूर तिने वेगाने बंद होतो आणि मग ती छोटी तात्पुरती किल्लीच तेवढी घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून पत्रासोबत जाते; कारण आरएसएचे गणित संथ असते आणि सबंध पत्रासाठी ते वापरणे परवडत नाही. याच किल्ल्यांचा क्रम उलटा करून सहीसुद्धा करता येते: खाजगी किल्लीने केलेली खूण सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासता येते. मजकुरात एका अक्षराचा फरक झाला तरी ती जुळत नाही. मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी मोर्तब उठवली जाई, म्हणजे तिच्यापुढे कोणाला मजकूर वाढवता येत नसे. तेच काम येथे गणित करते आणि ते केवळ शेवटापुरते न राहता सबंध पत्राला लागू होते.

कुलूप कोणाचे हे ठरवण्यासाठी पीजीपीने वरिष्ठ संस्था नाकारली आणि 'विश्वासाचे जाळे' ही कल्पना आणली. एका वापरकर्त्याने दुसऱ्याची ओळख पटवून त्याच्या किल्लीवर आपली सही करायची. ती सही करणारा ज्यांच्या परिचयाचा आहे ते त्या अनोळखी किल्लीवरही भरवसा ठेवू शकतात. भारतातील बँकांत खाते उघडताना जुन्या खातेदाराने ओळख म्हणून अर्जावर सही करण्याची जी पद्धत अनेक वर्षे होती, तिच्याशी हिचे साम्य स्पष्ट आहे. किल्लीचा एक छोटा सारांश, ज्याला 'बोटाचा ठसा' म्हणत, तो दूरध्वनीवर वाचून दाखवून ताडून पाहिला जाई आणि परिषदांच्या निमित्ताने जमलेली माणसे ओळखपत्रे दाखवून परस्परांच्या किल्ल्यांवर सह्या करण्याचे मेळावे भरवीत. ही व्यवस्था सुंदर होती, पण ती एकमेकांना भेटणाऱ्या तंत्रज्ञांच्या बिरादरीला साजेशी होती; ज्या शेतकऱ्याला, वकिलाला किंवा वार्ताहराला अशा मेळाव्याची वाटच ठाऊक नाही त्याच्यापर्यंत हे जाळे पोहोचले नाही.

त्या काळच्या अमेरिकी कायद्यात कूटलेखनाची साधने युद्धसामग्रीच्या यादीत होती आणि परवान्याविना ती देशाबाहेर नेणे हा गुन्हा होता. पीजीपी इंटरनेटवरून काही दिवसांतच परदेशांत पोहोचली होती. १९९३ मध्ये झिमरमन यांच्याविरुद्ध फौजदारी चौकशी सुरू झाली व ती जवळपास तीन वर्षे चालली. याशिवाय आरएसएचे पेटंट ज्या कंपनीकडे होते तिचाही त्यांच्यावर रोष होता. याच वर्षांत, झिमरमन यांनी नंतर अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे सांगितल्याप्रमाणे, ब्रह्मदेशातील लष्करी राजवटीशी लढणारे गट पीजीपी वापरायला शिकत होते. युद्धसामग्रीच्या यादीला एमआयटीच्या प्रकाशनाने १९९५ मध्ये दिलेले उत्तर मोठे मार्मिक होते. त्यांनी पीजीपीची संपूर्ण संगणकीय संहिता पुस्तकरूपाने छापली. फ्लॉपीवर असलेला तोच मजकूर शस्त्र ठरत होता. पुस्तकाला मात्र अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण होते. पुढे १९९७ मध्ये पीजीपीच्या पाचव्या आवृत्तीची संहिता बारा खंडांत, सहा हजारांहून अधिक पानांत छापून अमेरिकेबाहेर गेली, आणि नॉर्वेतून चाललेल्या एका प्रकल्पात युरोपातील स्वयंसेवकांनी ती पाने स्कॅन करून, चुका दुरुस्त करून पुन्हा संगणकावर उतरवली. छापील शब्दाने संगणकाच्या स्वातंत्र्याचे रक्षण केल्याचा हा प्रसंग ग्रंथप्रेमी समाजाने विसरू नये असाच आहे.

झिमरमन यांच्यावरील चौकशी ११ जानेवारी १९९६ रोजी आरोप न ठेवता बंद झाली. दरम्यान १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने 'क्लिपर' नावाची चिप पुढे आणली होती, जिच्यात प्रत्येक यंत्राच्या किल्लीची प्रत दोन सरकारी विभागांकडे वाटून ठेवली जाणार होती. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ यांनी तिच्यातील त्रुटी दाखवली आणि जनतेच्या विरोधापुढे ती योजना विरून गेली. १९९६ अखेर कूटलेखनाचा विषय युद्धसामग्रीतून काढून वाणिज्य खात्याकडे आला आणि २००० च्या जानेवारीत निर्यातीवरची बंधने बरीचशी सैल झाली. शासनाविरुद्धची ही पहिली लढाई नागरिकांनी निर्विवाद जिंकली होती.

भारतात या प्रश्नाची मुळे वसाहतकाळात आहेत. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचे पाचवे आणि १८९८ च्या टपाल कायद्याचे सव्विसावे कलम सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेच्या कारणावरून तार व पत्र अडवण्याचा अधिकार सरकारला देत होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले आणि १९९८ नंतर खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. या परवान्यांच्या अटींत असे म्हटले होते की व्यक्तींना आणि संस्थांना ४० बिटपर्यंतचे कूटलेखन परवानगीविना वापरता येईल. त्याहून बळकट वापरायचे असेल तर पूर्वपरवानगी घेऊन उघडण्याची किल्ली दोन भागांत विभागून सरकारकडे ठेवावी लागेल. ४० बिटची किल्ली म्हणजे सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यता; ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो, पण कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका विद्यार्थ्याने १९९७ च्या जानेवारीत सुमारे अडीचशे संगणक जोडून अशी किल्ली साडेतीन तासांत शोधून काढली होती. अटीच्या शब्दांत तर आरएसए पद्धतीच्या ४० बिटांचा उल्लेख होता आणि आरएसएमध्ये ४० बिट म्हणजे जेमतेम बारा-तेरा अंकी संख्या, जिचे अवयव घरगुती संगणकही क्षणात पाडतो. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटची शिफारस केली, तेव्हा एकाच देशातील दोन नियमांची तोंडे विरुद्ध दिशांना झाली. नागरिकाच्या पत्राला जे संरक्षण नाकारले होते ते त्याच्या पैशाला देणे भाग पडले, हा विरोधाभास त्या काळच्या धोरणातील विचारशून्यता उघड करतो.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६९ व्या कलमाने मजकूर उलगडून देण्यास मदत न करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. नागरिकांनी बंद करून पाठवलेल्या मजकुराची उघडी प्रत नव्वद दिवस जपून ठेवावी आणि मागितल्यास द्यावी, असे त्यात म्हटले होते. गोपनीयतेसाठी पत्र बंद करायचे आणि त्याची उघडी नक्कल तीन महिने घरात बाळगायची, ही अपेक्षा मूळ हेतूच नाहीसा करणारी होती. देशभर टीका उसळली आणि २२ सप्टेंबर रोजी मसुदा मागे घेतला गेला. दोन वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. टपाल कायदा २०२३ मध्ये नवा झाला, परंतु पत्र अडवण्याचा अधिकार त्यातही कायम आहे.

कायद्याचे अडसर जसे दूर होत गेले तशी दुसरी, अधिक हट्टी अडचण पुढे आली. अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी १९९९ मध्ये केलेल्या अभ्यासात, ई-मेलची चांगली सवय असलेल्या बारा जणांना दीड तास देऊन पीजीपीच्या पाचव्या आवृत्तीने एक गुप्त संदेश सही करून व बंद करून पाठवण्यास सांगितले. एक-तृतीयांश लोकांनाच ते जमले आणि तिघांनी तर तो संदेश चुकून उघडाच पाठवला. अनेकांनी पत्र स्वतःच्याच सार्वजनिक किल्लीने बंद केले. किल्ली आणि कुलूप यांतील ज्या शाब्दिक गोंधळाचा उल्लेख वर आला आहे तो किती महाग पडतो, याचा हा प्रयोगसिद्ध पुरावा म्हणता येईल. त्याच वर्षी जर्मनीतील वेर्नर कोख यांनी जीएनयू प्रायव्हसी गार्ड, म्हणजे जीपीजी, ही सर्वांना मुक्तपणे वापरता येणारी पर्यायी प्रणाली पूर्णत्वास नेली आणि पुढची अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, अपुऱ्या पैशांत सांभाळली. २०१५ मध्ये त्यांच्या हलाखीची बातमी प्रसिद्ध झाल्यावर देणग्या आल्या. जगभरच्या पत्रकारांची आणि कार्यकर्त्यांची गुपिते ज्या साधनावर विसंबून होती, ते एका माणसाच्या चिकाटीवर उभे होते.

घेणाऱ्याच्या तयारीची अट किती निर्णायक असते हे एडवर्ड स्नोडेन यांच्या प्रकरणात जगाला दिसले. अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या सार्वत्रिक पाळतीचे पुरावे हाती असलेल्या स्नोडेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना टोपणनावाने लिहून पीजीपी बसवण्याची विनंती केली. ग्रीनवाल्ड यांनी ते केले नाही, समजावून सांगणारी चित्रफीत पाठवूनही केले नाही, आणि स्नोडेन यांना ज्यांच्याकडे किल्ली आधीच होती त्या चित्रपटकार लॉरा पोइट्रस यांच्याकडे वळावे लागले. जून २०१३ मध्ये ती माहिती जगापुढे आली. पाठोपाठ स्नोडेन वापरत असलेल्या लॅव्हाबिट या ई-मेल सेवेकडे न्यायालयामार्फत तिची मूळ किल्ली मागण्यात आली. सेवेचे मालक लादार लेविसन यांनी प्रथम ती वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत छापून दिली आणि अखेर ८ ऑगस्ट २०१३ रोजी सेवाच बंद केली. पत्र दोन टोकांना बंद झालेले, म्हणजे पाठवणाऱ्याकडे बंद होऊन थेट घेणाऱ्याकडेच उघडणारे नसेल, तर मधल्या टपालवाल्याच्या प्रामाणिकपणावर ते टिकत नाही, कारण त्याच्यावर कायद्याचा दाब येऊ शकतो.

त्यानंतर लोकांची पावले पीजीपीकडे वळायला हवी होती, आणि काही काळ ती वळलीही. परंतु जुन्या रचनेचे सांधे आता कुरकुरू लागले होते. मे २०१८ मध्ये जर्मन संशोधकांनी 'ईफेल' या नावाने दाखवून दिले की ई-मेल वाचण्याचे अनेक प्रोग्रॅम उघडलेला मजकूर चित्राच्या दुव्यातून हल्लेखोराकडे गळू देतात. दोष मुख्यतः गणितापेक्षा त्याच्याभोवतीच्या बांधकामात होता. जून २०१९ मध्ये सार्वजनिक किल्ल्यांच्या साठ्यांवर कोणीतरी दोन ज्ञात कार्यकर्त्यांच्या किल्ल्यांना सुमारे दीड लाखांपर्यंत बनावट सह्या चिकटवल्या, आणि एकदा नोंदलेले काहीही पुसायचे नाही या तत्त्वावर उभारलेले ते साठे हतबल ठरले. एकेकाळी सेन्सॉरशिपविरुद्ध ढाल म्हणून ठेवलेले ते तत्त्वच विश्वासाच्या जाळ्यावर उलटले.

त्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये आपल्या शंभर कोटींहून अधिक वापरकर्त्यांचे संदेश दोन टोकांना बंद केले आणि त्यांतील बहुतेकांना ते कळलेही नाही. जे पीजीपीला पाव शतकात साधले नाही ते तेथे साधले. याचे कारण उघड आहे. दोन्ही टोकांची उपकरणे एकाच कंपनीच्या प्रोग्रॅमवर चालत असल्यामुळे घेणाऱ्याचे कुलूप त्याच्या नकळत घडवून वाटता आले. ई-मेल कोणा एका कंपनीची नाही, कोणत्याही सेवेवरून कोणत्याही सेवेवर पत्र जाते, हे तिचे मोठेपण आहे आणि तिच्या उघडेपणाचे कारणही तेच आहे. आज एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाताना बहुतेक ई-मेल झाकलेली असते, पण हे झाकण रस्त्यापुरते असते. सर्व्हर चालवणाऱ्याला ती वाचता येते. दोन टोकांना बंद होणारे पत्र हीच खरी गोपनीयता आहे आणि तिच्यासाठी पीजीपीच्या वारशाला ई-मेलच्या जगात अजून तुल्यबळ पर्याय उभा राहिलेला नाही, असाच निष्कर्ष या इतिहासातून निघतो.

साधने मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली आहेत. सर्नमध्ये भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये सुरू केलेली प्रोटॉनमेल ही सेवा आपल्या ग्राहकांमधील पत्रे आपोआप बंद करते, आणि थंडरबर्ड या विनामूल्य ई-मेल प्रोग्रॅममध्ये २०२० पासून ही सोय अंगभूत आहे, वेगळे काही जोडावे लागत नाही. पीजीपीच्या पद्धतीचे खुले प्रमाण असलेल्या ओपनपीजीपीची नवी नियमावली जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्यात काळानुरूप बळकट कूटपद्धती आल्या. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता तिनेही झाकला जात नाही, कारण तो वाचल्याविना टपाल पोहोचणार नाही. आणि ज्याला पत्र लिहायचे त्याचे कुलूप आधी हाती असावे लागते, ही १९७६ ची अटही कायम आहे.